परक्या रस्त्यावरचा शिकाऊ स्वार



वसंतातल्या व्याख्यानांत इतिहासाचा विषय म्हटला म्हणजे श्रोते गड, लढाया आणि तह यांची अपेक्षा धरून येतात. आमचा विषय त्या मानाने फारच धाकटा आहे. माणूस फटफटी चालवायला शिकतो कसा, आणि एका मुलखात शिकून दुसऱ्या मुलखातल्या रस्त्यावर गेला म्हणजे त्याचे काय होते, एवढेच आम्ही सांगणार आहोत. आम्ही इतिहासाचे पंडित नव्हे. आमची शाळा नववीत सुटली. पुढचे शिक्षण संघटनेच्या कचेरीत कायद्याची पुस्तके आणि वाचनालयातले जुने अंक चाळता चाळता झाले. तेव्हा जाणत्यांनी आमच्या चुका पोटात घालाव्यात.

विषय सुचला तो असा. आमची कचेरी तुर्भ्याला आहे. एका अंगाला ठाणे–बेलापूर रस्ता आणि त्यालगतचे कारखाने, दुसऱ्या अंगाला कांदा-बटाट्याचा घाऊक बाजार. या बाजारात पाठीवर गोणी वाहणाऱ्या एका माथाडी कामगाराचा मुलगा गेल्या पावसाळ्याच्या तोंडी आमच्याकडे एक कागद घेऊन आला. वय बावीस. दुबईत खाद्यपदार्थ घरपोच करणाऱ्याची नोकरी त्याला एका दलालाने मिळवून दिली होती आणि कराराचे इंग्रजी त्याला कोणीतरी वाचून दाखवायला हवे होते. आम्ही चष्मा लावून वाचू लागलो. आठव्या कलमात लिहिले होते की, तिथल्या परवान्यासाठी लागणारे शिक्षण, परीक्षा आणि गणवेश यांचा खर्च प्रथम मालक करील आणि मग तो कामगाराच्या पगारातून हप्त्याहप्त्याने कापून घेईल. आम्ही त्या कलमावर बोट ठेवले. पोराला त्याचे काही वाटले नाही. त्याचा प्रश्न निराळाच होता.

“काका, तिकडे गाड्या उजवीकडून चालतात. म्हणजे फक्त बाजू बदलायची ना?”

आम्ही “हो” म्हणणार होतो, पण जीभ अडखळली. बाजू बदलणे म्हणजे काय, याचा आम्ही उभ्या जन्मात विचार केला नव्हता. आजचे व्याख्यान म्हणजे त्या पोराला द्यायच्या उत्तराचा शोध आहे.

आपण डाव्या बाजूने चालतो ते इंग्रजांमुळे, हे सर्वांना ठाऊक आहे. पण गोव्याचे उदाहरण पाहा. पोर्तुगालने १९२८ साली आपल्या देशातली वाहतूक डावीकडून उजवीकडे नेली. गोवा तेव्हा पोर्तुगिजांच्या ताब्यात होता. हुकूम लिस्बनचा, पण गोव्याच्या तिन्ही अंगांना इंग्रजी अंमलाचा डावा रस्ता होता. सीमेवर रोज गाड्यांची टक्कर व्हायची नसेल तर गोव्याला शेजाऱ्याच्या बाजूने चालणे भाग होते, म्हणून गोवा डावीकडेच राहिला. तीच गोष्ट आफ्रिकेतल्या मोझांबिकची. म्हणूनच १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला तेव्हा राज्य बदलले, नाणे बदलले, पण फटफटीवाल्याला बाजू बदलावी लागली नाही.

पण सगळीकडे असे शेजारी भेटत नाहीत. आपल्या रत्नागिरी-रायगडची माणसे पिढ्यान् पिढ्या समुद्रापलीकडे पोटासाठी जात आली आहेत. कोणी एडनला, कोणी बहरीनला, कोणी कुवेतला. एकेकाळी त्या किनाऱ्यावर आपला रुपयाच चाले. कुवेतने तो १९६१ साली सोडला. रुपयाप्रमाणे डावी बाजूही काही ठिकाणी होती. बहरीनमध्ये नोव्हेंबर १९६७ पर्यंत गाड्या डावीकडून धावत. एडन आणि दक्षिण येमेनात १९७७ पर्यंत. पलीकडे ब्रह्मदेशाने १९७० साली बाजू बदलली. म्हणजे एकेकाळी कोकणातून निघालेला चालक काही बंदरांत उतरला तर त्याला रस्ता ओळखीचा वाटत असे. आज आखातातल्या कोणत्याही देशात उतरा, रस्ता उलटा.

बाजू बदलणे किती अवघड असते, हे पाहायचे तर स्वीडनकडे जावे लागते. तो देशही डावीकडून चाले, शेजारी मात्र उजवीकडून. १९५५ साली सरकारने लोकांना विचारले. शंभरातल्या ब्याऐंशी-त्र्याऐंशी लोकांनी बदल नको म्हणून सांगितले. तरीही १९६३ साली तिथल्या संसदेने बदलाचा निर्णय केला आणि ३ सप्टेंबर १९६७ ची पहाट ठरवली. मधली चार वर्षे तयारीत गेली. पत्रके, शाळांतून धडे, रस्त्यांवर खुणा, नव्या दाराच्या बसगाड्या. त्या पहाटे चारपन्नासला रस्त्यावर जी वाहने होती ती जागच्या जागी थांबली, हलकेच दुसऱ्या बाजूला गेली, पुन्हा उभी राहिली आणि पाच वाजता चालू लागली.

पुढची गोष्ट आम्हाला फार महत्त्वाची वाटली. बदलानंतर लगेच स्वीडनमधले अपघात वाढले नाहीत; उलट घटले. प्रत्येक जण जीव मुठीत धरून चालवीत होता. पण ही काळजी टिकली नाही. दोनएक वर्षांत अपघात पुन्हा पूर्वीच्या जागी आले. याचा अर्थ नवख्या माणसाला धोका पहिल्या दिवशी नसतो. पहिल्या दिवशी त्याच्याजवळ भीती असते आणि भीती राखण करते. धोका येतो तो भीती ओसरल्यावर. जुनी सवय गेलेली नसते, ती फक्त दबा धरून बसलेली असते. पेट्रोल भरून निघताना, चहा पिऊन परतताना, पहाटे रिकाम्या रस्त्यावर ती उठते आणि माणसाला गुपचूप आपल्या जुन्या बाजूला नेऊन ठेवते. समोर दुसरे वाहन असले म्हणजे ते आठवण करून देते. रिकाम्या रस्त्यावर आठवण देणारे कोणी नसते.

आता ताळा करा. एका संपन्न राष्ट्राने आपल्या लोकांची बाजू बदलण्यासाठी चार वर्षे खर्ची घातली. आमचा तुर्भ्याचा पोरगा तीच गोष्ट विमानातल्या तीन तासांत, एकटा आणि स्वतःच्या खर्चाने करणार होता.

मात्र बाजू ही अर्धीच गोष्ट झाली. उरलेली अर्धी गाडीत असते. याबाबत आमचा स्वतःचा अनुभव सांगण्याजोगा आहे, जरी त्यात आमची शोभा होत नाही. आम्ही पहिल्यांदा शिकलो ते लूनावर. फिरोदियांच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने १९७२ साली ती बाजारात आणली आणि महाराष्ट्रातल्या किती कारकून, शिक्षक, फिटर मंडळींना तिने इंजिनाची पहिली ओळख करून दिली याची मोजदाद नाही. पायडल मारायचे, मूठ पिळायची. गिअर नाही, क्लच नाही. पुढे नव्वदीच्या दशकात संघटनेने कारखान्या-कारखान्यांतून हिंडण्यासाठी जुनी बुलेट घेतली. ही मद्रासेत १९५५ पासून बनू लागलेली गाडी मूळची इंग्रजी, आणि इंग्रजी रिवाजाप्रमाणे तिचा गिअर उजव्या पायाशी नि ब्रेक डाव्या पायाशी. आम्ही तीन वर्षे ती चालवली. आमच्या पायांनी ती पाठ केली.

मग एक दिवस सहकाऱ्याची नवी जपानी धाटणीची गाडी घेऊन आम्ही बाजाराकडे निघालो. तिचा गिअर डाव्या पायाशी, ब्रेक उजव्या. निघताना हे आम्हाला कोणी सांगितले नव्हते असे नाही. दोनदा सांगितले होते. बाजाराच्या फाटकापाशी एक हातगाडी आडवी आली. आमच्या डाव्या पायाने ब्रेक दाबला. तो ब्रेक नव्हताच. गाडी न थांबता पुढे गेली, आणि आम्ही कांद्याच्या गोण्यांच्या थप्पीत जाऊन विसावलो. माथाडी बंधूंनी आम्हाला उचलले. त्यांतला एक जण म्हणाला, “साहेब, गोणी मऊ होती म्हणून वाचलात, बटाट्याची असती तर?” त्या दिवशी आम्हाला जे कळले ते असे की डोक्याला ठाऊक असणे निराळे आणि पायाला ठाऊक असणे निराळे. संकटाच्या क्षणी डोक्याला कोणी विचारत नाही.

ही गडबड आमच्या एकट्याची नव्हती. निरनिराळ्या देशांच्या गाड्यांत निरनिराळी मांडणी असल्याने स्वार गोंधळतात, हे ओळखून अमेरिकेने सत्तरीच्या दशकाच्या मध्यास गिअर डावीकडेच असला पाहिजे असा नियम केला. मग जगातले कारखानदार हळूहळू त्या वळणावर आले. तरी फरक उरलेच. आपल्याकडच्या कित्येक गाड्यांत चारही गिअर पायाने खाली दाबून पडतात. परदेशी धाटणीत पहिला खाली आणि बाकीचे वर. बजाज स्कूटरवर वाढलेल्याला तर गिअर डाव्या मुठीत हवा असतो.

अमेरिकेतल्याच एका चौकशीचा उल्लेख इथे करायला हवा. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या हॅरी हर्ट नावाच्या प्राध्यापकाने लॉस एंजेलिस भागातल्या नऊशे मोटारसायकल अपघातांची प्रत्यक्ष जागेवर जाऊन तपासणी केली. अहवाल १९८१ साली निघाला. अपघात झालेल्या स्वारांपैकी शेकडा ९२ जण स्वतःच्या स्वतः किंवा घरच्यांकडून, मित्रांकडून शिकलेले होते. या आकड्यावर फार भिस्त ठेवू नये, कारण जगात बहुतेक सगळेच तसे शिकतात. पण दुसरा आकडा ऐका. अपघातात सापडलेल्या स्वारांना एकंदरीत रस्त्यावरचा अनुभव सरासरी तीन वर्षांच्या आसपास होता. आणि तरीही ज्या गाडीवर अपघात झाला ती गाडी त्यांतल्या निम्म्याहून अधिक जणांनी पाच महिन्यांहून कमी काळ चालवलेली होती. म्हणजे स्वार जुना, गाडी नवी. आमच्या कांद्याच्या गोणीची साक्ष काढायला हर्टसाहेब आला नव्हता, एवढेच.

त्या अहवालात आणखी एक गोष्ट आहे. संकट आले की बहुतेक स्वार मागचा ब्रेक करकचून दाबतात, चाक घसरवतात, आणि पुढचा ब्रेक, ज्यात गाडी थांबवण्याचे खरे बळ असते, तो पुरता वापरतच नाहीत. आपल्याकडेही मुलांना पहिला धडा मिळतो तो “पुढचा ब्रेक मारू नको, पडशील” हा. सरळ उभ्या गाडीवर, कोरड्या रस्त्यावर, दोन्ही ब्रेक हळूहळू वाढत्या दाबाने एकत्र लावायला शिकावे लागते, आणि ते शिकायला मोकळी जागा लागते. खाणीतून खडी नेणारे डंपर तुर्भ्याच्या वळणांवर जी कच सांडत गेले तिच्यावर कोण शिकणार?

इथे आम्ही मुद्द्याशी आलो. मोटार शिकणाऱ्याच्या शेजारी शिक्षक बसतो. त्याच्या पायाखाली दुसरा ब्रेक असतो. चूक झाली तर तो गाडी थांबवतो. फटफटीवर दुसरा ब्रेक नसतो. मागे बसलेला गुरू चेल्याबरोबर पडतो, एवढाच त्याचा उपयोग. म्हणून मोटारसायकलीच्या शिकाऊ माणसाला वाचवणारी गोष्ट शिक्षक ही नव्हेच. जागा आणि वेळ ही आहे. रिकामे मैदान, आणि कमाईची घाई नसलेले काही दिवस. या दोन्ही गोष्टींना पैसे पडतात. ज्याच्याजवळ ते नाहीत तो रहदारीत शिकतो.

आपला कायदा याबाबत काय म्हणतो? १९१४ साली हिंदुस्थानाला पहिला सबंध मोटार कायदा मिळाला, मग १९३९ चा, मग १९८८ चा. आजचा नियम असा की शिकाऊ परवाना मिळाल्यावर तीस दिवस जाऊ द्यावेत, गाडीला पांढऱ्या पाटीवर तांबडे इंग्रजी ‘एल’ अक्षर लावावे आणि मग परीक्षेस जावे. तीस दिवस ठीक. पण त्या तीस दिवसांत कुठे शिकावे आणि कोणाजवळ शिकावे, हे फटफटीवाल्याच्या नशिबावर सोडलेले आहे. पाटी असते, मैदान नसते. २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांत दुचाकीवरची शेकडा ४४ हून अधिक होती. हे सर्व शिकाऊ नव्हते, हे उघड आहे. पण शिकाऊपण संपले केव्हा, याची नोंद आपल्याकडे नीट होतेच कुठे?

परमुलखात जाऊन चालवायचे तर आणखी एक कागद आहे. १९४९ साली जिनिव्हात रस्तेवाहतुकीचा आंतरराष्ट्रीय करार झाला. त्या अन्वये मिळणारा परवाना आपले परिवहन खाते एक वर्षासाठी देते. प्रवाशाला तो उपयोगी. तो हाती घेऊन लोक निरनिराळ्या देशांत भाड्याने फटफट्या घेतात आणि कागद मिळाला म्हणजे विद्याही मिळाली असे समजतात. कागद दाराशी अडवणाऱ्याला गप्प करतो, रस्त्याला गप्प करीत नाही. कामासाठी जाणाऱ्याला तर तो पुरतही नाही. दुबईत राहून नोकरी करायची तर तिथे शिकून, तिथली परीक्षा देऊन तिथला परवाना मिळवावा लागतो. खरे सांगायचे तर ही व्यवस्था आपल्यापेक्षा बरी आहे. तिथे बंद आवारात ठरलेले धडे घ्यावे लागतात. प्रश्न उरतो तो खर्चाचा, म्हणजे त्या आठव्या कलमाचा.

शिक्षणाची किंमत कोणी मोजावी, याचा एक धडा लष्कराच्या इतिहासात आहे. १३ मे १९३५ रोजी इंग्लंडात टी. ई. लॉरेन्स, ज्याला लोक अरबस्तानचा लॉरेन्स म्हणतात, आपल्या मोटारसायकलीवरून घरी परतत होता. वाटेत सायकलीवरची दोन मुले आली. त्यांना चुकवताना तो फेकला गेला आणि सहा दिवसांनी मरण पावला. तो काही नवखा नव्हता; आयुष्यात त्याने अशा अनेक दणकट गाड्या झिजवल्या होत्या. पण डोक्यावर काही नव्हते. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स नावाचा मेंदूचा शस्त्रवैद्य होता. त्याच्या मनाला ही गोष्ट लागून राहिली. पुढे दुसरे महायुद्ध आले. लष्कराला निरोप पोचवणारे मोटारसायकलस्वार हवे होते. शहरांत दिवे मालवलेले, रस्ते अंधारे. केर्न्सने हिशेब मांडला तेव्हा युद्धाच्या पहिल्या एकवीस महिन्यांत रस्त्यांवरच्या अपघातांत २,२७९ मोटारसायकलस्वार व त्यांच्या मागे बसलेली माणसे मेलेली होती. मरणाचे मुख्य कारण डोक्याची इजा. टोप घातलेल्यांची प्रकरणे त्याला जेमतेम सात मिळाली. सातही जण जगले होते. हा लेख १९४१ साली प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात ब्रिटिश लष्कराने आपल्या मोटारसायकलस्वारांना टोप सक्तीचा केला.

लेखापासून हुकुमापर्यंत काही महिने. इंग्लंडातल्या साध्या नागरिकाला हीच सक्ती व्हायला १९७३ उजाडावे लागले. केर्न्स १९५२ सालीच वारला होता. बत्तीस वर्षांचा हा फरक कशाने पडला? आमच्या संघटनेच्या अक्कलहुशारीने आम्ही एक कारण काढतो. लष्करात स्वार मेला की तोटा लष्कराचा. त्याच्या जागी दुसरा शिकवून तयार करायचा खर्चही लष्कराचा. जिथे मरणाचा आणि शिकवण्याचा खर्च एकाच वहीत लिहिला जातो, तिथे शहाणपण लवकर येते. त्याच युद्धात आपल्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पलटणी इटलीत लढल्या. नाईक यशवंत घाडगे १९४४ च्या जुलैत तिथेच धारातीर्थी पडले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. हिंदी सैन्याबरोबर गेलेले गाड्यांचे चालक डाव्या रस्त्यावरचे आणि इटलीचा रस्ता उजवा. पण ते एकटे नव्हते. पुढे गाडी, मागे गाडी, वर हुकूम.

घरपोच करणाऱ्या पोराच्या पुढे-मागे कोणी नाही. त्याच्यावर हुकूम आहे तो हातातल्या फोनचा, आणि मजुरी आहे नगावर. नगावरची मजुरी आम्ही कारखान्यांत पुष्कळ पाहिली. यंत्राचे जाळीदार झाकण काढून ठेवून काम करणारा कामगार वेडा नसतो; झाकण लावले तर दिवसाचे नग कमी होतात, म्हणून तो काढतो. रस्त्यावर झाकणाच्या जागी सिग्नल असतो. १ मे २०२२ च्या सुमारास दुबईत घरपोच करणाऱ्या स्वारांनी काम थांबवले होते, ते याच कारणावरून. एका ब्रिटिश कंपनीने दर फेरीचा दर १०.२५ दिर्‍हमवरून ८.७५ वर आणायचे आणि कामाचे तास चौदापर्यंत वाढवायचे घाटले होते. त्या देशात संप करायला बंदी आहे आणि संघटनेलाही. तरी पोरे घरी बसली, आणि कंपनीला बेत मागे घ्यावा लागला. दर दीड दिर्‍हमने उतरला की स्वार तेवढीच कमाई राखायला जास्त फेऱ्या मारतो, जास्त वेगाने मारतो, आणि बंद आवारात शिकलेले सारे ब्रेकचे धडे त्या वेगात वाहून जातात. म्हणून मजुरीचा दर हाही सुरक्षित चालवण्याच्या शिक्षणाचाच भाग आहे, असे आमचे मत आहे.

न्यायाला धरून एक गोष्ट सांगतो. नुसत्या शिकवण्यांनी अपघात घटतातच, असे सिद्ध झालेले नाही. २०१० साली जगभरच्या अशा अभ्यासांची छाननी झाली तेव्हा निष्कर्ष निघाला तो एवढाच की पुरावा कच्चा आहे. कुठे कुठे तर सक्तीचे शिक्षण असल्याने परवाना घेणारेच कमी झाले आणि म्हणून अपघात कमी दिसले असावेत, अशी शंका आहे. तेव्हा चार धडे दिले म्हणजे मालकाचे कर्तव्य संपले, असे म्हणायला कोणी येऊ नये.

मग खर्च कोणाचा? ज्याला शंभर मालक त्याला एकही मालक नाही, ही अडचण नवी नाही. तुर्भ्याच्या बाजारात तिचे उत्तर रोज डोळ्यांपुढे असते. मुंबईच्या बंदरात आणि बाजारात ओझी वाहणाऱ्या हमालाला पूर्वी कोणी आपला नोकर म्हणत नसे. माल शंभर व्यापाऱ्यांचा, माथा एकाचा. अण्णासाहेब पाटील आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या लढ्यातून १९६९ साली महाराष्ट्राने माथाडी कायदा केला. मंडळे नेमली, व्यापाऱ्याने मजुरीबरोबर ठरावीक आकार मंडळाकडे भरायचा आणि मंडळाने त्यातून कामगाराची भविष्याची तरतूद, रजा, दवापाणी पाहायचे. मालक कोण, हा वादच निकालात निघाला. कायद्यात पळवाटा निघाल्या, बनावट नोंदी झाल्या, हे आम्ही नाकारत नाही. पण तत्त्व पक्के होते. आपल्या २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने फोनवरून काम मिळवणाऱ्यांची प्रथमच व्याख्या केली आणि त्यांच्या निधीसाठी कंपन्यांनी उलाढालीच्या शेकडा एक ते दोन इतका वाटा द्यावा असे ठरवले. ती २०२५ च्या नोव्हेंबरात अंमलात आली. त्या निधीतून शिकाऊ स्वारासाठी एखादे मैदान निघावे, ही मागणी आम्ही करीत आहोत. समुद्रापलीकडे मात्र ही संहिता पोचत नाही.

म्हणून त्या पोरासाठी आम्ही जे हाती होते ते केले. ओळखीच्या एका गोदामवाल्याने रविवारी आपले आवार मोकळे करून दिले. मस्कतला बारा वर्षे ट्रक चालवून परतलेले एक गृहस्थ शिकवायला आले. त्यांनी फक्कीने रस्ता आखला आणि मध्ये एक पिंप उभे केले. “हे सर्कल,” ते म्हणाले. “आपल्याकडे देवाला घालतो तशी प्रदक्षिणा. तिकडे उलटी.” पोरगा पहिल्याच फेरीला पिंपाच्या डाव्या अंगाने घुसला. “मेलास,” गृहस्थ शांतपणे म्हणाले, आणि पुन्हा सुरुवात झाली. मधली रेघ नेहमी डाव्या खांद्याशी असली पाहिजे, चौकात पहिली नजर डावीकडे टाकायची, उजवे वळण आखूड आणि डावे लांब, समोरच्या गाड्यांना ओलांडून घ्यायचे, रस्त्याच्या कडेला वाळू दिसली की तिथे ब्रेक नाही, वेग आधीच उतरवायचा. त्या गृहस्थांनी पोराच्या डाव्या मनगटाला तांबडा दोरा बांधला. मूठ धरली की तो दिसतो आणि रेघ कुठल्या हाताला ते आठवते. तीन रविवार हा उद्योग चालला. तिसऱ्या रविवारी पोराचे वडील रात्रपाळीची गोणी उतरवून थेट आले आणि कुंपणाशी उभे राहून पाहत होते. बोलले काही नाहीत. जाताना त्यांनी मुलाच्या टोपाचा पट्टा हनुवटीखाली ओढून पाहिला.

दुबईला पोचल्यावर पोरगा पहिल्या परीक्षेत नापास झाला, दुसऱ्या वेळी उत्तीर्ण झाला. नापास झालेल्या परीक्षेचे शुल्कही कापून घेतले, हे त्याने फोनवर हसत सांगितले. तिसऱ्या महिन्यात दोरा झिजून तुटला तेव्हा त्याने दुसरा बांधला, तोही आपण होऊन. गेल्या आठवड्यात त्याने पगाराच्या कागदाचे छायाचित्र पाठवले आहे. सातवा हप्ता कापलेला आहे आणि किती हप्ते उरले ते कुठेही लिहिलेले नाही. आम्ही दलालाला पत्र टाकून हिशेब मागवला आहे. उत्तर यायचे आहे.